नववीतला मावसभाऊ आणि दहावीची सवलत

घोटीत आमच्या लहानपणी 'याचं डोकं चालत नाही' हे निदान फुकट मिळायचं. माझा मावसभाऊ तोंडी गणितं झटक्यात करायचा, पण वाचायला लावलं की घामाघूम. १९९८ला नववीत दुसऱ्यांदा नापास झाला आणि राइस मिलवर पोती मोजायला लागला.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९६मध्ये, महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला जादा वेळ वगैरे सवलती दिल्या होत्या. पण तपासणीसाठी गाठायचं मुंबईतलं सायनसारखं रुग्णालय, आणि प्रमाणित चाचण्या मुख्यतः इंग्रजीत! मराठी शाळेतलं पोर तिथे काय सिद्ध करणार? 'डाली' ही मराठीतही असलेली चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणली ती थेट २०१५मध्ये.

कायदाही असाच रेंगाळला. १९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ही अक्षमता नव्हतीच. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यात ती आली. कलम १६ने अशी मुलं लवकर ओळखण्याचं काम शाळांवर टाकलं. कलम ५९मुळे दाखल्याबाबतचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. शाळाच दाद देत नसेल, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता त्याची मुलगी तिसरीत अडखळतेय. या वेळी अर्ज मी लिहिलाय, लेखी. शाळेचा शिक्का मारलेली पोच त्याने पाकिटात घडी करून ठेवलीय.