बांधबंदिस्ती करताय? आधी माती बघा, मग सांडवा कुठं काढायचा ते ठरवा

लातूर/नांदेड : एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती अजून कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि लेंडीच्या काठची गावं पाण्यात गेली. पुढं सप्टेंबरमध्ये तर मराठवाडाभर रानंच्या रानं खरडून गेली. म्हणजे आपल्याकडं पाऊस पडतच नाही असं नाही. पडतो तेव्हा थांबत नाही, आणि जाताना माती घेऊन जातो.

नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे ही सरकारी कामं बहुतेक ओढ्या-नाल्यात होतात. पण पाणी पहिल्यांदा पडतं ते आपल्या खासगी रानात. तिथंच ते अडवायचं काम म्हणजे बांधबंदिस्ती.

काळं रान आणि मुरमाड रान

सगळ्यात मोठी चूक इथं होते. समतल बांध, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत घातलेला बांध, हलक्या-मध्यम जमिनीसाठी आहे. तिथं पाणी बांधाला टेकून मुरतं. हाच बांध भारी काळ्या रानात घातला तर पाणी आठ-आठ दिवस तसंच उभं राहतं, रान चिबडतं, सोयाबीन पिवळं पडतं आणि शेवटी बांध फुटतो. शेतकरीच रात्री खोरं घेऊन जाऊन बांध फोडतो, हेही आपण पाहिलंय.

काळ्या रानाला ढाळीचे बांध लागतात. शंभर मीटर लांबीला साधारण 20 ते 40 सेंटिमीटर ढाळ देऊन जादा पाणी हळूहळू एका बाजूला काढायचं. ढाळ डोळ्यानं कळत नाही. गवंड्याकडची लेव्हलची नळी मिळाली तरी चालते. जेसीबीवाला म्हणतो तसा बांध ओढून घेऊ नका, त्याचं भाडं तासावर असतं.

बांध घालायचाच नसेल तर सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरा. त्याचं बीबीएफ यंत्र आता बऱ्याच गावांत भाड्यानं मिळतं. पाऊस कमी असला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर सरीतून निघून जातं आणि वरंब्यावर वाफसा लवकर येतो. यंत्र नसेल तर उभ्या पिकात दर चार ओळींनंतर एक सरी काढली तरी फरक पडतो. यासाठी शेजाऱ्याला विचारायची गरज नाही.

सांडवा आणि भांडण

बांधाला मात्र शेजारी लागतोच. वरच्यानं सांडवा काढला की पाणी खालच्याच्या रानात येतं. खालच्यानं धुरा उंच केला की वरच्याचं रान तुंबतं. आपल्याकडच्या निम्म्या धुऱ्याच्या भांडणांचं मूळ हेच आहे, गुंठा-अर्धा गुंठा कोरला हा नंतरचा भाग. म्हणून ओघळीच्या वरच्या टोकापासून नाल्यापर्यंत जेवढे खातेदार आहेत त्या सगळ्यांनी एकत्र बसून पाण्याची वाट ठरवावी, आणि काम वरून खाली करत यावं. खालचा बांध आधी घातला तर वरचं सगळं पाणी त्याच्यावरच येतं. सांडव्याला दगडाचं पिचिंग करा, खाली गवत लावा.

समजुतीनं मिटलं नाही तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 आहे. शेतातल्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदेशीर अडवला आणि त्यानं नुकसान होत असेल, तर कलम 5 प्रमाणे तहसीलदारांकडं दावा करता येतो. पण अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पावसाळ्यात धुरा घातला आणि आपण उन्हाळ्यात तक्रार घेऊन गेलो तर मुदत निघून गेलेली असते. बरेच जण इथंच हुकतात. तेव्हा पाणी तुंबलेलं असतानाच तारखेसह फोटो काढून ठेवा. निकालावर अपील नाही, फेरतपासणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येतो.

गाळ आणि अनुदान

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' 2017 मध्ये सुरू झालं. 2023 मध्ये ते पुन्हा सुरू करताना अल्पभूधारकांना गाळ वाहून न्यायला एकरी 15 हजार, अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त 37 हजार 500 रुपये अनुदान ठेवलं. गाळ मुरमाड, माळाच्या रानावर टाकावा. काळ्या रानावर टाकला तर चिबड वाढतं आणि ट्रॅक्टरचं डिझेल वाया जातं. वैयक्तिक शेततळ्याला पूर्वी 50 हजारांपर्यंत मिळायचे, आता कमाल 75 हजार. अर्ज महाडीबीटीवर.

2025 च्या अतिवृष्टीत खरडून गेलेल्या जमिनीला शासनानं हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर केली होती. अशा रानात माती भरताना ओघळ तशीच ठेवून वरून माती टाकली तर पुढच्या मोठ्या पावसात ती त्याच वाटेनं जाते. आधी ओघळीला दगडाचे आडवे ताल घाला, मग माती भरा.

बांध झाल्यावर पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसात छत्री आणि खोरं घेऊन रानात जावं. पाणी कुठं थांबतं, कुठून उलटतं हे तेव्हाच दिसतं. उंदीर-खेकड्यांची बिळं तिथल्या तिथं बुजवा. आणि नांगर धुऱ्याला चिकटवून नेऊ नका, दोन-तीन वर्षांत बांध निम्मा होतो.