मेंढपाळाची काठी, बिशपचा दंड

मध्ययुगीन युरोपातल्या हस्तिदंती धर्मदंडांचे परभणीच्या वाचकाला काय, असे कुणी विचारले तर त्याला मी आधी गोदाकाठच्या शिवारात नेईन. सुगी उरकली की धनगर कळप घेऊन येतात, खतासाठी मेंढ्या शेतात बसवतात. त्यांच्या हातात काठी असते आणि फांदी खाली ओढायला आकडी. ख्रिस्ती धर्मप्रमुख असलेल्या बिशपच्या दंडाचे वळलेले टोक याच कुळातले. ख्रिस्ताने स्वतःला चांगला मेंढपाळ म्हटले, म्हणून बिशपनेही कळप राखणाऱ्याची काठी हाती धरली. जुने भाष्यकार तिचा एकेक भाग उलगडून सांगत: वाकडे टोक भरकटलेल्याला ओढून घेते, सरळ दांडा अशक्ताला आधार देतो, खालचे अणकुचीदार टोक आळशाला टोचते. हे वाचून धनगर हसेल, पण नाही म्हणणार नाही.

दंडाच्या वेटोळ्यात काय कोरले आहे, इथे खरी गंमत सुरू होते. बाराव्या-तेराव्या शतकांत वेटोळे अनेकदा सापाच्या किंवा अजगरासारख्या प्राण्याच्या डोक्यात संपते आणि आत क्रूस घेतलेले कोकरू उभे असते. साप म्हणजे पाप, कोकरू म्हणजे बळी गेलेला ख्रिस्त, हा अर्थ सर्वांना ठाऊक. पण बायबलमधल्या मोशेची काठीही साप झाली होती, हे विसरू नये. एकाच वेटोळ्यात शत्रू आणि चमत्कार दोन्ही नांदतात. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच दंडांवर एका बाजूला बाळ ख्रिस्ताला घेतलेली आई मारिया, तर दुसऱ्या बाजूला क्रूसावरचा ख्रिस्त. जन्म आणि मृत्यू पाठीला पाठ लावून उभे. म्हणून छायाचित्रावरून या वस्तूंचा अभ्यास करणारा निम्माच अभ्यास करतो.

नवख्याने वस्तूच्या द्रव्याकडेही पाहावे. युरोपच्या उत्तरेकडे हत्तीचा दात दुर्मिळ, तिथे वॉलरस या समुद्री प्राण्याचा चाले. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या बहुतांशी वॉलरसच्या दाताच्या, आणि त्यांतल्या बिशपांच्या हातात असाच दंड आहे. हत्तीचा दात मुख्यतः आफ्रिकेतून येई. त्या शुभ्र, पवित्र मानलेल्या वस्तूमागे एक मेलेला हत्ती आहे, हे कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लिहीत नाहीत.

आपल्याकडे असे मध्ययुगीन दंड शोधू नयेत. जवळचे नाते गोव्यात सापडते. सतराव्या शतकात तिथे हस्तिदंतात ‘चांगला मेंढपाळ’ घडवला गेला: डोंगरासारख्या उतरंडीवर बसलेला मुलगा, गालाला हात, डोळे मिटलेले, खांद्यावर आणि मांडीवर कोकरे, खाली झरा आणि पाणी पिणारे प्राणी, तळाच्या गुहेत ख्रिस्ताची शिष्या मारिया माग्दालेना. दंडाचा अधिकार इथे मावळला आणि राखणदाराची समाधी पुढे आली. यात बुद्धाची छाया आहे असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटते, पण कारागिराच्या मनात बुद्ध होता असे म्हणायला मी धजत नाही. मध्ययुगीन दंड पाहून मग ही शिल्पे पाहिली, तर एकच प्रतीक दोन समाजांनी कसे वेगळे वाढवले ते कळते.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला सुरुवात घराजवळही करता येते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक निघाली. इटलीत पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांची जवळची नातलग. ती इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वीच तिकडे पोचली होती. म्हणजे कोरलेल्या दाताची वाट फार जुनी आणि दुहेरी आहे. तेर पाहून झाल्यावर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जावे. तिथे मूर्तीपुढे उभे राहून थांबू नये, जमेल तिथे मागची बाजूही पाहावी, आणि वहीत आधी नाव न लिहिता हात कुठे आहेत, डोळे उघडे की मिटलेले, प्राणी कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे टिपून घ्यावे.