दम : दोन कुळांचा एक शब्द

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज कारखाने आहेत, वीज वितरण कंपनीचे दफ्तर आहे आणि मालवाहू गाड्यांची वर्दळ आहे. तरीही ज्या खेळाने या जागेला नाव दिले, त्याचा एक नियम तेथून जाताना मला नेहमी आठवतो. पोलोचा सामना सुमारे साडेसात मिनिटांच्या फेऱ्यांत विभागलेला असतो, त्या फेरीचे इंग्रजी नाव आपल्या ‘चक्कर’ या शब्दावरून पडलेले आहे, आणि फेरी संपली की स्वार घोडा बदलतो. कारण स्वाराची ईर्षा कितीही मोठी असली, तरी खेळाची मर्यादा अखेर घोड्याच्या दमावर ठरते.

हा ‘दम’ मराठीत फारसीच्या अंमलात आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. फारसीत दम म्हणजे श्वास. त्यावरून श्वासाचा विकार तो दमा, श्वास उरू नये इतका मार तो बेदम, आणि वाफ कोंडून शिजवलेल्या पुलावाला दिलेला तोही दमच. भाषाशास्त्र सांगते की या फारसी शब्दाचे आणि फुंकणे या अर्थाच्या संस्कृत ‘धम्’ धातूचे मूळ एकच आहे. म्हणजे आपल्या देहातील धमनी ही त्या पाहुण्याची दूरची भाऊबंद ठरते.

परंतु तो आला तेव्हा त्याच नावाचा एक मानकरी आपल्या घरात आधीपासून विराजमान होता. संस्कृत ‘दम’ म्हणजे संयम. बृहदारण्यकोपनिषदात प्रजापतीने उच्चारलेल्या एकाच ‘द’ अक्षरातून भोगासक्त देवांनी घेतला तो बोध दमाचाच होता. आणि जुवाखाली अजून न रुळलेल्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात. श्वास आणि संयम हे दोन भिन्न कुळांतील अर्थ मराठीने ‘दम धरणे’ या एका प्रयोगात असे एकत्र नांदवले, की तरणतलावात बुडी मारणारा मुलगा दम धरतो तो श्वास कोंडून, आणि काठावरची त्याची आई ‘अरे, जरा दम धर’ म्हणते ती धीर धर या अर्थाने.

श्वास कोंडण्याच्या विद्येची परंपरा या दोन्ही अर्थांची साक्ष देते. पतंजलींनी श्वासाच्या स्थिरतेला स्तंभवृत्ती म्हटले. पुढे हठयोग्यांत भरलेल्या घटावरून ‘कुंभक’ हे नाव रूढ झाले. सुमारे १५ व्या शतकातील स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत ८ कुंभक सांगितले आहेत, आणि त्यांतील अखेरच्या दोहोंची नावे मूर्च्छा व प्लाविनी, म्हणजे शुद्ध हरपणे आणि पाण्यावर तरंगणे, अशी आहेत. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे तसाच प्राण वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो, अशी स्पष्ट ताकीदही त्याच ग्रंथात आहे.

योगाचा अभ्यास केलेला फ्रेंच पाणबुड्या जॅक मायोल १९७६ साली इटलीतील एल्बा बेटापाशी एका श्वासात १०० मीटर खोल गेला. २००९ साली स्तेफान मिफ्सूद या पाणबुड्याने निश्चल राहून ११ मिनिटे ३५ सेकंद श्वास रोखला. अशा पराक्रमांचे आकर्षण मी समजू शकतो. म्हणूनच त्यामागचा देहव्यापार प्रत्येक पोहणाऱ्यास ठाऊक असावा, असे मला कळकळीने वाटते. श्वास घेण्याचा जो असह्य तगादा लागतो, तो मुख्यतः प्राणवायू आटल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेऊन जो तो वायू बाहेर टाकतो, त्याच्या प्राणवायूच्या खजिन्यात फारशी भर पडत नाही, मात्र खजिन्यावरचा पहारेकरी बडतर्फ होतो; मग तगादा लागण्यापूर्वीच खजिना रिता होतो आणि कसलीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते. खोल पाण्यात धोका आणखी वेगळा. १० मीटरांवर दाब दुप्पट होऊन छातीतील हवा निम्म्या जागेत मावते, त्या दाबाने उरलासुरला प्राणवायूही रक्तात जात राहतो. परंतु वर येताना दाब ओसरतो आणि पृष्ठभाग हाताच्या अंतरावर दिसत असतानाच मेंदूचा पुरवठा तुटतो.

इंदूरकरांना समुद्र दूर आहे, पण या अपघाताला समुद्र लागत नाही. छातीभर पाण्याचा तलाव आणि मित्रांत लागलेली पैज एवढे त्याला पुरते. पोलोच्या स्वाराला फेरीअखेर नवा घोडा मिळतो, बुडी मारणाऱ्याला मात्र एकच दम मिळालेला असतो. म्हणून या विद्येतील जाणकार एक नियम कधी मोडत नाहीत : एकट्याने बुडी मारायची नाही, एक खाली, तर दुसरा वर, त्याच्यावर नजर ठेवून. फारसीत सोबत्याला ‘हमदम’ म्हणतात, ज्याचा श्वास आपल्या श्वासाबरोबर चालतो तो. खाली गेलेल्याने श्वासाचा दम धरावा, वर राहिलेल्याने संयमाचा. मग दोघेही घरी परततात.