फ्राम : आंग्र्यांविरुद्धचा तरंगता तोफखाना

फ्राम : मुंबईकर इंग्रजांनी कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांचे जलदुर्ग पाडण्याच्या हेतूने बांधलेली तोफनौका. उत्तर युरोपात सपाट बुडाच्या नौकेस ‘प्राम’ म्हणत. त्यावरून हे नाव आले असावे. एकाच विजयदुर्गच्या मोहिमेत (१७२०) ती वापरली गेली आणि त्याच मोहिमेत नष्ट झाली.

आंग्र्यांची सत्ता ज्या किनाऱ्यावर होती, त्याचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय या प्रयोगामागील विचार उलगडत नाही. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) खाड्या उथळ आहेत. पेणजवळचे अंतोरे बंदर किंवा कुंडलिकेच्या खाडीवरील रोहे येथे नौका जात त्या भरतीच्या पाण्यावर. आंग्र्यांच्या गुराबा व वल्ह्यांची गलबते अशाच पाण्यास साजेशी होती. शत्रूचे मोठे जहाज वारा पडून अडकले, की ती त्यावर तुटून पडत. वारा फिरला, की किल्ल्याच्या आश्रयास जात. खोल बुडाच्या जहाजांना तेथवर पाठलाग करणे जमत नसे. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने छत्रपती शाहूंशी समेट होऊन सरखेलपद कायम झाल्यावर कान्होजींची पाठ अधिकच भक्कम झाली.

चार्ल्स बून हा १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराभोवतीचा तट व लढाऊ जहाजे यांवर मोठा खर्च केला. तथापि विजयदुर्ग (१७१७) व खांदेरी (१७१८) या दोन्ही मोहिमा फसल्या. तेव्हा थोड्या पाण्यात चालणारी, जाड लाकडी बाजूंची आणि अवजड तोफा वाहणारी नौका तटाजवळ नेऊन भिंडारे पाडावे, असा बेत ठरला. कागदावर तो चुकीचा नव्हता. अडचण वेगळीच होती : किल्ला घेण्यास तटाला भगदाड पाडणे पुरेसे नसते, त्यातून आत शिरणारे शिस्तबद्ध पायदळ लागते, आणि मुंबईकरांची खरी उणीव तीच होती.

वॉल्टर ब्राउनच्या नेतृत्वाखाली १७२० च्या सप्टेंबरात आरमार निघाले. विजयदुर्गसमोर फ्राम पुढे आणली, तेव्हा तोफांसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येत नाहीत, असे आढळले. गोळे थोड्याच अंतरावर पाण्यात पडू लागले. ही गोष्ट मुंबई बंदरात एक बार काढूनही कळली असती. झरोके सुधारून पुन्हा मारा झाला. आंग्र्यांची काही जहाजे जळाली, परंतु किल्ल्यास धक्का लागला नाही. परतीच्या वाटेवर युरोपीय चाच्यांची जहाजे दिसताच ही मंद नौका आरमाराच्या पायांतील बेडी ठरली, आणि इंग्रजांनीच ती पेटवून दिली.

नव्या यंत्रावर आशा ठेवून खर्च करण्याचे असेच उदाहरण, फार मोठ्या प्रमाणावर, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने घातले. सप्टेंबर १९४४ पासून ‘व्ही–२’ ही तीन हजारांहून अधिक क्षेपणास्त्रे लंडन, अँटवर्प इ. शहरांवर सोडण्यात आली. प्रत्येकाची स्फोटकक्षमता सु. एक टन होती. एवढा भार बाँबफेकी विमान पुनःपुन्हा नेऊ शके, क्षेपणास्त्र मात्र एकदाच उपयोगी पडे. त्यांच्या निर्मितीसाठी डोरा येथील छावणीत राबविलेल्या कैद्यांपैकी हजारो मेले. त्यांची संख्या या अस्त्राने मारलेल्या लोकांहून अधिक भरते. युद्धाचा निकाल त्याने बदलला नाही. युद्धोत्तर अग्निबाणविद्येस त्याचा उपयोग झाला. फ्रामच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूजच्या राजनौका व पोर्तुगीजांचे पायदळ यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर चाल केली. मराठ्यांच्या घोडदळापुढे तीही निष्फळ झाली, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशी तह केला. विजयदुर्ग पडला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. त्या वेळी समुद्राकडून वॉटसनच्या आरमाराने, तर जमिनीकडून खुद्द पेशव्यांच्या फौजेने तुळाजी आंग्र्याची कोंडी केली होती. वापरलेली जहाजे नेहमीचीच होती. तोफगोळ्याने लागलेली आग पसरून बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून गेले.