जोडगोळीची परीक्षा

प्रयोगशाळेत जिंकलेली औषधांची जोडी गावातही जिंकतेच, हा समज हिवतापाच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. 1976 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ट्रेगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी हिवतापाचे फॅल्सिपॅरम परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत सलग वाढवले. परजीवींच्या बश्या ठेवलेल्या काचेच्या बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचे. ती विझेपर्यंत ऑक्सिजन हवा तेवढा घटे. मग दोन औषधे निरनिराळ्या प्रमाणात मिसळून ती एकमेकांचा जोर वाढवतात की मारतात, हे मोजता येऊ लागले. उदाहरणार्थ, सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन ही औषधे परजीवीच्या फोलेटनिर्मितीचे दोन टप्पे अडवतात, म्हणून एकत्र जास्त प्रभावी. पण त्याच टप्प्यांच्या जनुकांत बदल साठत गेले आणि अनेक ठिकाणी जोडी लुळी पडली.

2010 मध्ये भारताने देशभर या जोडीच्या सोबतीला आर्टेसुनेट हे तिसरे औषध दिले. पण जुनी जोडी निकामी ठरल्याने 2013 मध्ये ईशान्येत उपचार बदलावा लागला, महाराष्ट्रात मात्र तोच राहिला. मग प्रयोगशाळा हवी कशाला, असे कुणी म्हणेल. आर्टेसुनेट शरीरातून काही तासांत ओसरते, साथीदार आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. बशीतल्या स्थिर मात्रेत हे दिसत नाही, हे खरेच. पण रुग्ण बरा झाला की जोडीतला दुबळा गडी झाकला जातो. बशीत प्रत्येक औषध सुटे तपासले की तो उघडा पडतो. प्रयोगशाळेकडून विजयाची हमी मागू नये, धोक्याची आगाऊ सूचना मागावी.