युव्हायटिस
युव्हायटिस हा डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी युक्त अशा थराचा दाह आहे. बुबुळाच्या दाहास अग्र युव्हायटिस म्हणतात. हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि बरा होऊन पुन्हा उद्भवू शकतो.

'डोळे येणे' या संसर्गाशी त्याची गल्लत होते. जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील आळंदी परिसरात डोळे येण्याची साथ पसरली होती. त्या संसर्गात खाज आणि चिपडे ही प्रमुख लक्षणे असतात. अग्र युव्हायटिसमध्ये बहुधा चिपडे नसतात, मात्र खोल वेदना, उजेड सहन न होणे व धूसर दिसणे ही लक्षणे आढळतात.

अनेकदा कारण सापडत नाही. काही रुग्णांत मणक्याचा संधिवात, क्षयरोग किंवा नागीण विषाणू कारणीभूत असतो. निदान स्लिट लॅम्प तपासणीने होते. पुण्यात ससून रुग्णालय व महंमदवाडी येथील ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय येथे नेत्रतपासणीची सोय आहे.

उपचारात स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली विस्फारणारे थेंब देतात. वेदना थांबताच स्टेरॉइड अचानक बंद केल्यास दाह उलटू शकतो. म्हणून मात्रा हळूहळू कमी करतात. वैद्यकीय देखरेखीविना दीर्घकाळ वापर केल्यास काचबिंदू व मोतीबिंदू संभवतात. उपचार न झाल्यास बुबुळ भिंगाला चिकटून दृष्टी कायमची अधू होऊ शकते.