‘भुयारा’तील हरवलेले घर

साहित्यकृतीतील अवकाशाचा विचार करताना गास्तों बाशलारच्या मांडणीचा आधार अपरिहार्यपणे घेतला जातो. घर ही उभी रचना असून माळा आणि तळघर ही तिची दोन टोके होत. वर विवेकाचा उजेड, खाली अबोधाचा अंधार, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे विवेचन मराठी संहितांना लावताना ‘तळघर’ हा शब्द आपण निःशंकपणे वापरतो. परंतु मराठीत जमिनीखालील जागेसाठी एकच शब्द नाही. जे शब्द आहेत त्यांना स्वतंत्र इतिहास आहेत, आणि ते सारेच घराशी निगडित नाहीत. हा इतिहास पाहिल्याशिवाय प्रतिमेचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

या इतिहासाची पाहणी करण्यास दिंडोरी तालुक्यातील वणी हे सोयीचे ठिकाण आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके 730चा ताम्रपट येथला. तो ज्या मयूरखंडीहून दिला गेला ती वणीजवळचा मार्कंड्या डोंगर होय, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. गावाच्या उत्तरेस सातमाळा रांग आणि सप्तशृंगीचा गड. पलीकडे कळवण-बागलाणची अहिराणी आणि सुरगाण्यापुढे गुजरातचा डांग. चैत्र आणि नवरात्र यात्रांना खानदेशाबरोबर गुजरातमधूनही भाविक येतात. साहजिकच मराठी ‘भुयार’ आणि गुजराती ‘भोंयरुं’ हे दोन सख्खे शब्द या परिसरात शेजारी नांदतात.

दोहोंचे मूळ संस्कृत ‘भूमिगृह’. प्राकृतात त्याचे ‘भूमिहर’ झाले, मधला मकार विरघळला आणि मराठीत ‘भुयार’ उरले. ‘मातृगृहा’चे ‘माहेर’ आणि ‘देवगृहा’चे ‘देव्हारा’ होताना ‘गृह’ जसे झिजले, तसेच येथेही झिजले. परंतु माहेर हे अजून घरच आहे. भुयार मात्र घर राहिले नाही. गुजरातीत भोंयरुं म्हणजे आजही घराखालची खोली. मराठीत भुयार म्हटले की खोलीपेक्षा वाट डोळ्यांपुढे येते : गडावरून निसटण्याची, मंदिरातून नदीकाठी निघणारी. ‘भुयारी मार्ग’, ‘भुयारी गटार योजना’, ‘भुयारी रेल्वे’ ही शासकीय व नागरी परिभाषाही याच अर्थाची ग्वाही देते.

हा अर्थबदल एकटा घडलेला नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या निवासस्थानाचे वर्णन करताना ‘भूमिगृह’ आणि ‘सुरुंगा’ हे दोन शब्द एकत्र येतात. भूमिगृह म्हणजे राहण्याची जागा. सुरुंगा म्हणजे तेथून निसटण्याच्या वाटा. यांपैकी ‘सुरुंगा’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे पोकळ नळी, यावरून आला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठीत सुरुंगाला दारू भेटली. तटाखाली वाट खणायची, तीत दारू ठासायची आणि बुरूज उडवायचा, हे वेढ्याचे तंत्र होते. 1660 साली शायिस्ताखानाच्या सैन्याने चाकणचा बुरूज असाच उडविला. वाटेचे नाव हळूहळू स्फोटाला चिकटले. आज विहिरीच्या खडकात ‘सुरुंग लावला’ असे म्हणताना कोणाच्याही मनात भुयार नसते. वाट स्फोट झाली, खोली वाट झाली. खोलीची जागा भाषेत रिकामी पडली.

ती जागा ‘तळघरा’ने भरून काढली. फारसी ‘तहखाना’ याची घडण अगदी अशीच आहे : ‘तह’ म्हणजे तळ, ‘खाना’ म्हणजे घर. भुयारात झिजून गेलेले घर या नव्या समासात पुन्हा उघडपणे उच्चारले गेले, हे लक्षणीय आहे. मात्र ‘तळमजला’ हा जमिनीखालचा नव्हे, जमिनीलगतचा मजला. आणि नव्या इमारतींत गाड्या लावण्याची जागा ‘बेसमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. तळघर या शब्दाला जुन्या वाड्याचा वास आहे.

घराशी संबंध नसलेले शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील सातवाहन-क्षत्रपकालीन लेखांत ‘लेण’ आणि ‘पोढी’ हे शब्द आहेत : एक भिक्षूंच्या निवासाचा, दुसरा पाण्याच्या टाक्याचा. पहिला ‘लेणे’ म्हणून टिकला, दुसरा लोपला. धान्यासाठी ‘पेव’ : तोंड अरुंद, पोट मोठे. बंद पेवातील कोंदट हवा जीवघेणी असल्याने ते उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशाच पेवांत साठवीत. 2005च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. परंतु ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार सांगतो की मराठी मनात जमिनीखालची जागा भयाची नव्हे, दडवलेल्या विपुलतेचीही आहे.

यातून समीक्षेपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. दोस्तोयेव्स्कीच्या 1864च्या सुप्रसिद्ध लघुकादंबरीच्या शीर्षकातील रशियन शब्दाचा मूळ अर्थ लाकडी जमिनीखालची पोकळी असा आहे. त्यासाठी ‘तळघर’ योजले तर निवेदक घराचा रहिवासी ठरतो. ‘भुयार’ योजले तर त्याला बाहेर पडण्याची वाट मिळते, आणि तीच त्याच्यापाशी नाही. ‘भूमिगत’ म्हटले तर 1942च्या चळवळीचे शौर्य त्याला विनाकारण चिकटते. निवड शब्दाची दिसते, पण होते ती अन्वयार्थाची.

बाशलारची मांडणी त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. तिच्यातील तळघर हे एका विशिष्ट गृहरचनेचे अपत्य आहे, एवढेच येथे सुचवायचे आहे. मराठी संहितेत पात्र जमिनीखाली उतरते तेव्हा ते स्वतःच्या अबोधात उतरते असे गृहीत धरण्यापूर्वी, संहितेने कोणता शब्द वापरला आहे हे पाहावे. भुयारात उतरलेला माणूस बहुधा दुसऱ्या टोकाने बाहेर पडण्याच्या आशेने उतरलेला असतो. पेवात उतरलेला काहीतरी वर आणण्यासाठी. केवळ तळघरात उतरलेल्यालाच आल्या वाटेने परतावे लागते.